सुक्या बोंबलांची निर्दोष सुटका

मुलुंड (पूर्व)

तीर्थस्वरूप कुंदाताईस,
धाकट्या मार्तंडचा साष्टांग नमस्कार. गुडघा कसा आहे? खारदांड्याची हवा तुला मानवते हे ठाऊक आहे, पण त्या हवेत फोन उचलायला बंदी आहे का? तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. (पत्र मध्येच कट करता येत नाही, हा फायदा आहेच.) रविवारी गार्गीचा साखरपुडा. आत्या आल्याशिवाय बोट पुढे करणार नाही म्हणते. हट्टात ती तुझ्यावर गेली आहे.

आता मूळ मुद्दा, आपली जुनी गाडी. दिवाळीपासून तिच्यात कुजक्या मासळीचा वास येत होता आणि सकाळी ती चार आचके देऊन बंद पडत होती. मी विचारी माणूस, म्हणून दोन्हींची वेगळी चौकशी केली. आचक्यांसाठी मेकॅनिक बदलले आणि वासासाठी तुला धरलं, कारण सुक्या बोंबलांची पिशवी घेऊन तूच गाडीत बसली होतीस. "मेल्या, जन्म गेला माझा बोंबील निवडण्यात, हा वास माशाचा नव्हे," असं तू म्हणालीस. मी हसलो. तू फुगलीस ती आजतागायत.

तेवढ्यात आमचे सेक्रेटरी नंदकिशोर यांनी पार्किंगमधल्या माशाच्या वासाबद्दल नोटीस लावली. मग मी गप्प बसेन? सर्वसाधारण सभेत उभा राहिलो. घटनेपासून निघालो तो फ्रेंच राज्यक्रांतीला वळसा घालून परत येईपर्यंत सगळ्यांचा चहा गार झाला. माणसाच्या ताटात डोकावणाऱ्याला लोकशाहीत जागा नाही, हे मी टेबलावर मूठ आपटून सांगितलं. लसूणसुद्धा न खाणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. नोटीस उतरली.

दुसऱ्याच दिवशी गाडी गेटात मेली. गार्गीने डॅशबोर्डखालून इंजिनाचा कॉम्प्युटर काढला (जेवणाच्या डब्याएवढा पत्र्याचा डबा, बाकी काही नाही), उघडला आणि माझ्या नाकाशी धरला. तोच वास. आत विजेचा प्रवाह स्थिर ठेवणारी पिंपासारखी बारकी कपॅसिटरं असतात. म्हातारपणी ती फुगतात, मग बुडातून गळतात, आणि त्या पाण्याला मासळीचा वास येतो. "बाबा, आत्या बरोबर होती," एवढंच म्हणाली कार्टी. मीटर लावून तिने मेलेली कपॅसिटरं शोधली, खालचा गंज पुसला, नवी सोल्डरिंग करून बसवली. आता पहिल्या चावीला गाडी बोलते. फुगलेलं वेळेत सापडलं, तर सगळं वाचतं. (मी कुणाकडे बोट दाखवत नाही.)

शनिवारी गार्गी त्याच गाडीतून तुला न्यायला येईल. पुढच्या सीटवर बस आणि पोटभर हुंगून घे.

तुझा,
मार्तंड

ता. क. तुझी पिशवी सापडली, स्टेपनीखाली. इतक्या गाठी मारल्या होत्यास की वासाचा कणही बाहेर आला नव्हता. तुझ्या भावजयीने प्रेमाने त्या बोंबलांची चटणी केली. झकास.

ता. क. २. कपॅसिटरचं सोसायटीत अजून कुणाला सांगितलेलं नाही. तत्त्व जिंकलंय, त्यात सोल्डरिंग कशाला आणायचं? पण वास गेल्यापासून नंदकिशोर जिन्यात सांगत फिरतो, "मार्तंडराव बोलले खूप, पण शेवटी मासे सोडले ना." म्हणून येताना बोंबील आण. भरपूर. आणि ताई, या वेळी पिशवीला गाठ मारू नकोस.