सटवाईला नवा पत्ता

९ जानेवारी २००१
आजपासून डॉक्टर बंद.
पुण्याहून येताना एसटीत सु. खिडकीकडे तोंड करून बसली होती. मला वाटलं रडतेय. राजगुरुनगर आलं तशी म्हणाली, "अहो, भूक लागली." स्टँडवर उतरून वडापाव हाणले. लग्नाला नऊ वर्षं, त्यातली निम्म्याहून जास्त दवाखान्यांत गेली. गोळ्या, सुया, वर कुणाकुणाचे अंगारे. लई दिवसांनी बायकोला पोटभर खाताना बघितलं. बोलायला नको, पण सुटल्यासारखं वाटलं.

२ फेब्रुवारी
मंचरला दुकानात दिवसभर पाण्याच्या मोटारी. कांद्याला पाणी चालू आहे आणि लाइट अशी की रोज कुणाची तरी मोटार जळते. सगळ्यांना रिवाइंडिंग आजच पाहिजे. भांडून भांडून घसा बसला.
संध्याकाळी अवसरीला घरी आलो तर सु. दारातच उभी. शाळेतल्या बाईंकडून तिने पुण्याच्या एका संस्थेची माहिती काढलीय. "आपण मूल आणू या का?" एवढंच. मी म्हटलं, चहा टाक. चहा पिऊन झाल्यावर हो म्हणालो. आधीच म्हणायला काय झालं होतं, चहाची काय गरज होती, कोण जाणे. तेवढा वेळ बिचारी कपाकडे बघत बसली.

१८ फेब्रु.
आईला आणि थोरल्या दादाला सांगितलं. आई गप्प. दादा जोरात.
"कुणाचं रगत, कुठलं पोर, काय ठाव? माझा धाकटा घे की. घरातलं पोर घरात ऱ्हाईल, जमीन बी घरात ऱ्हाईल."
वहिनी भिंतीला टेकून उभी. तिला कुणी विचारलंच नव्हतं. सु. म्हणाली, "दादा, त्याची आई ही काय हितं उभी हाय. मग मी त्याची कोण? काकीच ना?"
दादा तणतणत गोठ्यात गेला. थोड्या वेळाने वहिनी वाटीभर खीर घेऊन आली, सु.च्या हातात दिली.
आईचं तोंड मात्र जेवतानाही फुगलेलं. फुगू दे.

२२ एप्रिल
जुन्नरला सु.च्या धाकट्या बहिणीचं डोहाळजेवण. ओटी भरायची वेळ झाली तशी त्यांची एक मावशी म्हणाली, "सुनंदा, तू आतलं बघ गं. पुऱ्या लाटायला कुणी न्हाई." आत चार बायका होत्या पुऱ्या लाटायला. मी ओट्यावर जेवत होतो, सगळं ऐकू आलं. ताट सारलं आणि उठलो. सासरे मागे मागे. "पावणं, आवं पावणं." थांबलो नाही, गाडीला किक मारली.
नारायणगावच्या पुढे आल्यावर सु. मागून म्हणाली, "तुमी कशाला उठलात? पुऱ्या माझ्या हातच्या व्हत्या."
मग, "मंगळवारी दुकान बंद ठेवा. पुण्याला जाऊन नाव घालू."

२४ एप्रिल
नाव घातलं. संस्थेतल्या मॅडम आमच्याच वयाच्या, चष्मा, आवाज शांत. मुलगा की मुलगी विचारलं. सु. म्हणाली, "आपल्या पोटी येतं तेव्हा कुठं विचारत्यात?" मॅडम हसल्या. मला घाम. मला विचारलं, राग येतो का? मी म्हटलं, नाही. सु.ने माझ्याकडे असं बघितलं की मला लगेच सांगावं लागलं, येतो, पण टिकत नाही.

१४ जुलै
लिहायला हात उचलत नाही पण लिहितो.
आज मॅडम घर बघायला आल्या. दादाला मी आठ दिवस आधी फक्त सांगितलं होतं की पुण्याहून पाहुण्या येणार, घर बघणार, बोलणार. दादाच्या डोक्यात घर बघायला येणारे पाहुणे एकाच कामाचे असतात, सोयरीक जमवायच्या. त्यात त्याला कमीपणा नको. मी दुकानातून आलो तर अंगणात सतरंज्या, सगळी भावकी टोप्या-फेटे घालून बसलेली, मधे दादा. चुलीवर पुरणाचा घाट.
मॅडम आल्या, दचकल्या. मला म्हणाल्या, "मला तुम्हा दोघांशी आणि आईंशी निवांत बोलायचंय." मी भावकीला म्हटलं, उठा की. एकजण उठला नाही. पाहुणा जेवल्याशिवाय उठायचं नसतं. आणि मॅडमच्या संस्थेचा नियम, गेल्या घरी काही खायचं नाही. झालं का. त्या खाईनात, हे उठंनात. दादा वर विचारतोय, "मुलीकडलं मूळ गाव कुठलं म्हणायचं?" मुलगी आहे का मुलगा ते अजून देवाला माहीत नाही. मला वाटलं विहिरीत उडी मारावी, पण आधी दादाला ढकलावं.
शेवटी आई उठली. इतके महिने या विषयावर तोंडातून शब्द नाही, आणि सरळ मॅडमचा हात धरून त्यांना चुलीपाशी नेऊन बसवलं. सु. आणि मी मागे. मॅडमनी आईला विचारलं, "आजी, खरं सांगा. बाळ आलं आणि परकं वाटलं तर?"
आई पोळी उलथत म्हणाली, "वाटंल की. आमचं धनी व्हते तवा मेंढरं व्हती आमची. मेंढीचं कोकरू मेलं आन दुसरं पोरकं असलं, की त्येच्या अंगाला मीठ चोळायचं आन तिच्याम्होरं धरायचं. ती चाटती, पर पाजत न्हाई. लाथा मारती. मग मान्सानं तिला धरून बसायचं. दोन दिस, चार दिस. मग आपसूक पाजती. तसं धरून बसू आमी. लेकराला बी आन हिला बी."
आणि ताट वाढून पुढे सरकवलं. मॅडमनी चष्मा पुसला. नियम राहिला बाजूला, अर्धी पोळी खाल्ली, दुधात बुडवून. आईने बाहेर ओरडून सांगितलं, "जेवल्या पावण्या." भावकी उठली.
गेल्यावर सु. आईच्या पाया पडली. आई म्हणते, "सर गं, पाय भाजलाय माझा."
पण काम गेलंच. अर्धी पोळी खाऊन कुणी मूल देत नाही.

३० ऑगस्ट
संस्थेकडून काही नाही. दादाशी बोलत नाही.

६ सप्टेंबर
दादाशी बोललो. पंप बंद पडला होता त्याचा.

१९ सप्टें.
मंजूर झालो! मॅडमचा दुकानात फोन. घर पसंत, माणसं पसंत. मी विचारलं, भावकी? म्हणाल्या, "एका बाळासाठी इतकी माणसं स्वच्छ कपडे घालून बसलेली मी पहिल्यांदाच बघितली." आता थांबायचं. कधी ते सांगता येत नाही.
दादाला सांगितलं तर म्हणतो, "मंग? मी येवस्था केली व्हती ना."

२८ ऑक्टो.
आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आज पट्टी काढली. माझ्याकडे बघून म्हणाली, "नाम्या, लई काळा झालास." सु.कडे बघितलं आणि तिचा गाल कुरवाळला. घरी येताना रिक्षात म्हणाली, "दिसाया लागलं चांगलं. आता बघाया कायतरी आणा."

११ डिसेंबर
व्हार्निशमध्ये हात बरबटलेले, फोन वाजला. गिऱ्हाइकाला म्हटलं, उचला आणि माझ्या कानाला लावा. मॅडम.
मुलगी. सात महिन्यांची. नाव शीतल ठेवलंय तिथे.
फोन ठेवल्यावर गिऱ्हाईक विचारतो, काय झालं राव? म्हटलं, मुलगी झाली मला. "वा. कुठल्या दवाखान्यात?" म्हटलं, इथेच, दुकानात. बघत राहिला येड्यासारखा. त्याची मोटार तशीच ठेवून घरी. सु. शेतात होती. बांधावरून हाक मारली, तिने तिथूनच ओळखलं आणि मटकन खाली बसली. मी पळत गेलो. हसत होती. रडत पण होती. मी पण.

१७ डिसें.
बघून आलो. लहानशी, केस उभे. माझ्या मिशीकडे कुणी पंचनाम्याला आल्यासारखी बघत होती. सु.ने उचललं तर अंग ताठ. रडली नाही, नुसती ताठ. येताना सु. म्हणाली, "आवडले नसंल का आपण तिला?" मी म्हटलं, मी पण तुला पहिल्यांदा नव्हतो आवडलो. म्हणाली, "ते येगळं. तुमी खरंच तसे व्हता."

५ जानेवारी २००२
शीतल घरी. सध्या सांभाळायला दिलीय, कोर्टाचा हुकूम व्हायचाय. तो झाला की आमची. वहिनीने भाकरीतुकडा ओवाळून टाकला. दादाने घेतलं आणि लगेच परत दिलं, म्हणाला हात खरबरीत हायेत माझे.

६ जाने.
दूध घेत नाही. सु.ने मांडीवर घेतलं की पाठीची कमान करते, किंचाळते. बाटली उडवून लावते. सु.चा चेहरा बघवत नाही. मी म्हटलं मीठ आणू का? गंमत म्हणून. रागाने बघितलं माझ्याकडे. चुकलंच.

७ जाने.
तेच. वाटीचमच्याने थोडं गेलं पोटात. सकाळीच मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "अहो, तिला मांडीची सवय नाही. आमच्याकडे एवढी मुलं, सगळ्यांना पाळण्यात निजवूनच बाटली देतात." फोन ठेवला आणि दुकानाच्या मागे जाऊन उभा राहिलो जरा.
घरी येऊन सांगितलं. गोधडीवर ठेवून बाटली दिली. घटाघटा प्याली. सु. शेजारी आडवी झाली, लांबूनच एक बोट तिच्या हाताला लावून.

९ जाने.
आज घरी येऊन पाचवा दिवस. आई म्हणाली, पाचवी पुजायची. मी म्हटलं, आई, पाचवी जन्मल्यावर पाचव्या दिवशी असते, पोरगी आठ महिन्यांची व्हायला आली. सटवाई येऊन नशीब लिहून गेली असेल कधीच.
"तिकडं लिवलं आसंल कायबाय," आई म्हणाली. "तवा पत्त्या दुसरा व्हता. आता पत्त्या बदलला त्ये तिला कोण सांगणार? तू?"
संध्याकाळी पाटा मांडला. हळदकुंकू, विळा, कोरा कागद. पेन माझं दिलं, नवं आणलेलं. आईला लिहिता येत नाही, पण पेन चालतंय का ते तिने कागदाच्या कोपऱ्यावर रेघ ओढून बघितलं. मग पाट्यापुढे बसून स्वच्छ आवाजात सांगितलं: अवसरी बुद्रुक, तालुका आंबेगाव, आमचं आडनाव, माझं नाव, सु.चं नाव. "आन आजी म्हनून माझं बी घाल."
मूल आणायचं म्हटल्यावर पाच महिने तोंड फुगवून बसलेली बाई. मी तोंड धुवायला बाहेर गेलो.

२० जाने.
आज मांडीवर प्याली. सु.ने मला हाक नाही मारली, हलली तर बिघडेल म्हणून. बसल्या जागेवरून खुणेनं बोलावलं. बाटली संपली तरी दोघी तशाच. सु.च्या पायाला मुंग्या आल्या होत्या, उठता येईना, मी आणि वहिनीने धरून उठवलं. इतकं हलकं वाटलं आज. लई दिवसांनी पोटभर जेवलो.

१७ फेब्रु.
बारसं. नाव शीतलच ठेवलं. दादाने मोठमोठी नावं सुचवली, पण त्या नावाने हाक मारली की ती बघते, मग बदलायचं कशाला. सु.ची बहीण तान्ह्याला घेऊन आली. जुन्नरची ती पुऱ्यांवाली मावशी पण आली. सु.ने तिचीसुद्धा ओटी भरली, सगळ्यांच्या आधी. तिच्या जागी मी असतो तर भरली नसती.

२६ मे
चालली. उंबऱ्यापासून आईपर्यंत. मी दुकानात. नेहमीचंच. संध्याकाळी माझ्यासाठी परत चाल म्हटलं तर बसून राहिली. सगळे मला नामा म्हणतात तर ती पण "नामा". बाबा म्हण म्हटलं की हसते.

२३ ऑगस्ट
पुणे, कोर्ट. संस्थेचे वकील म्हणाले होते, आज बहुतेक हुकूम होईल. बहुतेक. नाही म्हणाले तर? कुणी काही हरकत काढली तर? हे सु.ला विचारलं नाही. तिनेही मला काही विचारलं नाही. चाकणपर्यंत दोघं एकमेकांना शेंगदाणे देत होतो.
बाकड्यावर दुपार झाली. गर्दी, काळे कोट, कुणीतरी भांडतंय. शीतल सु.च्या खांद्यावर गाढ झोपलेली. नवीन जागा म्हटलं की डोळा न मिटणारी पोरगी.
शिपायाने दारात येऊन आमचा नंबर जोरात पुकारला. मी ताडकन उभा, टोपी हातात. साहेब दिसला की मला अजून घाम फुटतो. शिपाई परत ओरडला, "मूल कुठाय? मूल कुणाकडं आहे?"
सु. बसल्या जागेवरून म्हणाली, "झोपलंय. हळू बोला."
कोर्टाच्या माणसाला. सगळ्यांसमोर. तो बघत राहिला आणि खरंच हळू बोलला. म्हणाला, मूल हजर अशी नोंद करतो, पण जजसाहेब आज उठून गेले, पुढची तारीख घ्या.
पुढच्या महिन्याची तारीख मिळाली. परत बहुतेकच.