तरंगिणीचा निकाल लांबला

४ सप्टेंबर २००१, मंगळवार
आजपासून मार्केटच्या नोंदी रोज. शिस्त हवी. तरंगिणी इन्फोटेकने निकालाची बोर्ड मीटिंग पुढे ढकलली. भाव २१०. गंगापूर रोडला ब्रोकर शेखरच्या ऑफिसात सगळ्यांची घाबरगुंडी. मला हसू आलं. पितृपक्ष लागलाय, हे एकाच्याही लक्षात नाही! शुभ बातमी पितृपक्षात कोण देतं? शेखर म्हणाला, चेअरमन पारशी आहेत. असतील. अकाउंटंट तर आपला असेल.
मोहिनी म्हणते, बाबांचे तेवढे काढून टाका. सासऱ्यांचे दीड लाख माझ्या शब्दावर ३४० च्या भावाने घातलेत. एसटीत तीस वर्षं स्टिअरिंग धरून मिळालेले, मेहुणी तेजस्विनीच्या लग्नासाठी ठेवलेले. बायकांना पेशन्स नसतो.

१३ सप्टेंबर
भाव १४०. अमेरिकेतल्या त्या भयंकर बातमीने सगळंच पडलं. तरंगिणीचा दोष नाही.

१८ सप्टेंबर
पितृपक्ष संपला, निकाल नाही. जरा धास्तावलो. मग कॅलेंडर पाहिलं. आजपासून अधिक महिना! घटस्थापनेपर्यंत निश्चिंत. भाव ९६.

१४ ऑक्टोबर, रविवार
सिन्नरला सासुरवाडीत धोंड्याचं जेवण. सासूबाईंनी जावयाला वाण दिलं: तेहतीस अनारसे, चांदीचं निरांजन. मामा म्हणजे सासरे म्हणाले, जावईबापू, तेजूचं ठरलं, तुळशीच्या लग्नानंतरची तारीख धरू. आपल्या शेअरचं कसं काय? मला त्यातलं काय कळत नाय, तुम्ही हायेत म्हणून निवांत हाय.
आज सगळं सांगायचं ठरवूनच गेलो होतो. पण तोंडात अनारसा होता. गिळून झाल्यावर म्हणालो, भाव पडला की घाबरायचं नसतं मामा, उलट घ्यायचं असतं. हे आपलं थिअरी म्हणून. मामा बराच वेळ मान हलवत होते. भाव ६१.

१९ ऑक्टोबर
कंपनीची नोटीस आली. नफा नाही, प्रचंड तोटा. त्यांना हे जूनपासून ठाऊक होतं म्हणे. नालायक! लोक विश्वासाने पैसे ठेवतात आणि हे वाईट बातमी दाबून बसतात. कंपनीला कडक पत्र लिहिणार. भाव १९.
रविवारी सिन्नरला जाऊन मामांना स्पष्ट सांगणार.

२१ ऑक्टोबर, रविवार
गेलो नाही. घट बसलेले असताना असलं बोलू नये. मोहिनी म्हणाली, मग मी फोन करते. तिला गळ्याची शपथ घातली. दसऱ्यानंतर नक्की.

२४ ऑक्टोबर
मोहिनी तीन दिवस बोलत नाही. पत्राचा मसुदा चांगला झालाय. भाव ११. सकाळी वाटलं, आपण वाईट माणूस आहोत. चहानंतर वाटेनासं झालं.

२६ ऑक्टोबर, दसरा
संध्याकाळी मामा स्वतःच आले. आपट्याची पानं हातात ठेवली, मी पाया पडलो. म्हणाले, एक काम करून टाकलं बघा. सासूबाईंच्या पाटल्या मोडल्या, बेचाळीस हजार आले, ते काल शेखरकडे जाऊन तरंगिणीतच घातले. तुम्हीच म्हणले व्हते, पडला की घ्यायचा. आता तर लय पडलाय. तो शेखर नको नको करत व्हता. त्याला म्हणलं, आमच्या जावयाला तुझ्यापेक्षा जास्ती कळतं. बरोबर केलं ना?
मोहिनी दारात उभी होती. मी म्हणालो, बरोबर केलंत.
सीबीएस स्टँडवर त्यांना सिन्नरच्या गाडीत बसवून दिलं. खिडकीशी उभा होतो. गाडी सुटेपर्यंत दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा, नीट जा, एवढंच म्हणालो.