तबकडीमागचं नाव

मैलापूर, चेन्नई
२ फेब्रुवारी २००८

प्रिय उपेंद्र,

पाकिटावर माझं अक्षर बघून तू घरात सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणशील, "कवी जागा झाला वाटतं!" फोनवर आपण पंधरवड्याला बोलतोच. तुझ्या गुडघ्याची आणि माझ्या मोतीबिंदूची खबरबात एकमेकांना आहे, मग हे पत्र कशाला? तर चौऱ्याऐंशी साली आपल्या रेल्वेच्या इंजिन शेडमध्ये जे झालं, ज्यापायी तुझं प्रमोशन अडलं आणि मुलांच्या शाळा अर्ध्यावर सोडवून तुला गुंतकलला जावं लागलं, त्याबद्दल मला तुला काही सांगायचंय. फोनवर तीनदा प्रयत्न केला. तिन्ही वेळा मिरजेच्या थंडीची चौकशी करून रिसीव्हर ठेवला. कागदावर तरी जमतंय का बघतो. पण मला तिथे एकदम पोचता येणार नाही, वाटेत एक कॉम्प्युटर लागतो. तुला माझी सवय आहे. सरळ गाडी नेणं मला कधी जमलंय?

सौम्या, आमच्या विश्वजितची मुलगी, आता तांबरमच्या कॉलेजात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दिवाळीच्या सुट्टीत एकदा ती माझ्या खुर्चीपाशी येऊन बसली आणि म्हणाली, "आजोबा, समजा विजेचा शोध लागलाच नसता, पण कॉम्प्युटर मात्र निघाला असता, तर तो कसा दिसला असता?" मी म्हटलं, वाफेवर चालला असता, आणखी काय! तर टाळी वाजवून म्हणते, "करेक्ट! यालाच स्टीमपंक म्हणतात." मग तिने इंटरनेटवर चित्रं दाखवली. परदेशातली तरुण मंडळी आपल्या कॉम्प्युटरला पितळ चढवतात, तांब्याच्या नळ्या, दातेरी चाकं, काट्याच्या तबकड्या बसवतात. जणू आजोबांच्या आजोबांच्या काळातलं यंत्र. मी चष्मा पुसून पुसून बघत राहिलो. ज्या वाफेचा चटका त्यांच्यातल्या एकालाही बसलेला नाही, तिची एवढी ओढ त्यांना कुठून लागली असेल रे? मला तर वाटायचं, ती आपल्यासारख्या म्हाताऱ्यांबरोबरच संपणार.

सोळा तारखेला त्यांच्या कॉलेजात प्रदर्शन आहे. वर्गातल्या मुलांच्या गटाने हिला सांगितलं होतं, "तू चार्ट पेपर रंगव, मशीनचं आम्ही बघतो." ही तिथून तडक उठली आणि असाच पितळी कॉम्प्युटर एकटी करणार म्हणून स्वतःचं वेगळं नाव नोंदवून आली. हत्यार धरायला शिकवणारं माणूस घरातच आहे, असं सगळ्यांना सांगूनही आली. ते माणूस म्हणजे मी.

कॉम्प्युटर उघडताना मी पहिलीतल्या पोरासारखा शेजारी बसलो होतो. ज्या पेटीला आपण सगळे सीपीयू म्हणतो तिला तसं म्हणायचं नाही म्हणे. ती पेटी म्हणजे कॅबिनेट. खरा सीपीयू म्हणजे आतला पोस्टाच्या तिकिटाएवढा तुकडा, सगळा हिशेब तो करतो. मला वाटलं होतं आत ठासून काहीतरी भरलेलं असणार. पत्रा काढला तर अर्धी पेटी रिकामी! मी विचारलं, "यात कोळसा कुठे, पाणी कुठे?" तर तिने एकेक दाखवलं. ही विजेची पेटी, हे स्मरण, हा पंखा. स्मरण म्हणजे दोन हिरव्या पट्ट्या. बटण बंद केलं की त्या सगळं विसरतात, आणि कायमचं लक्षात ठेवायचं ते दुसऱ्या एका लोखंडी डबीत जातं. ही व्यवस्था मला फार आवडली. आपल्यात का नाही?

पितळेचा पत्रा इथे तळ्याजवळच्या भांड्यांच्या दुकानातून आणला, पंखे आणि वायरी रिची स्ट्रीटवरून. इथून लोकलने चिंताद्रिपेटला उतरायचं, मग चालत. तिथल्या दुकानदाराने सौम्याला सोडून मला विचारलं, "सार, तुम्हाला कुठला प्रोसेसर?" एकाहत्तराव्या वर्षी एवढा मान! पत्रा चकाकायला मी आपली शेडमधली पद्धत काढली, चिंच आणि मीठ. तीन दिवसांत घरातली चिंच संपली. सूनबाई, अर्चना, जेवायला वाढताना म्हणाली, "बाबा, या महिन्यात रसम तुमच्या इंजिनालाच वाढते." पण तिनेच दुसऱ्या दिवशी आणखी अर्धा किलो आणून ठेवली.

आता माझी फजिती ऐक. पितळेचा पत्रा नुसता चढवायचा हे माझ्या हाताला पटेना. बॉयलरवर आपण आधी काय घालायचो? जाड आवरण, मग त्यावर पत्रा, म्हणजे आतली ऊब आत राहील. मी कापडबाजारातून चांगला जाड नमदा आणला, बेतून कापला, चारही बाजूंना बसवला, एक फट म्हणून ठेवली नाही, आणि वरून पत्रा रिव्हेट केला. रिव्हेटांच्या ओळी अशा सरळ आल्या की तू असतास तर हात फिरवून बघितला असतास. सौम्या कॉलेजात होती, तिला चकित करायचं होतं. संध्याकाळी तिने बटण दाबलं. पडदा उजळला, पंखा घरघरला, आणि बारा मिनिटांनी सगळं काळं. पुन्हा लावलं, सात मिनिटं. तिने पत्र्याला हात लावला आणि चटकन मागे घेतला. मग आत डोकावली आणि जमिनीवर बसून हसायलाच लागली. "अय्यो आजोबा! तुम्ही याला रजई पांघरलीत!"

हसू ओसरल्यावर तिने समजावलं. या यंत्रात उष्णता कमवायची नसते, घालवायची असते. बाहेर जायला वाट मिळाली नाही तर यंत्र स्वतःला वाचवण्यासाठी आपोआप बंद पडतं. मी म्हटलं, आमची सगळी हयात ती धरून ठेवण्यात गेली. ती म्हणाली, "म्हणून तर तुम्हाला सांगितलं पाहिजे ना." सगळा नमदा उपटून काढला. बाजूला माशाच्या कल्ल्यासारख्या फटी कापल्या आणि वर तांब्याचं छोटं धुराडं बसवून त्याखाली पंखा लावला. आता धुराड्यावर तळहात धरला की ऊन झुळूक लागते. धूर नाही, वास नाही, भिजलेल्या कोळशाची ती खारट चव नाही. पण झुळूक आहे. सकाळी पेपर वाचून झाला की मी जाऊन हात धरून येतो.

आवाजाचं मात्र जमलेलं नाही. पंखा एका सुरात घोंगावतो, त्याला वृत्तच नाही. शेडमध्ये यायच्या आधी आपण गाडीवर होतो, ते आपलं इंजिन फलाटावरून निघायचं तेव्हा अडखळत गद्यात बोलायचं, मग वेग घेतला की भुजंगप्रयात. शाळेच्या पुस्तकातल्या कविता मी त्या ठेक्यावर म्हणायचो आणि तू फावडं आपटून म्हणायचास, "कृष्णा, वाफ बघ, यमक नंतर जुळव." गुरुजींनी पाठ करून घेतलेलं एकेक कडवं अजून तोंडावर आहे. काल काय जेवलो ते नाही.

तर दर्शनी बाजूला सौम्याने एक मोठं गोल भोक कापलं होतं. तिथे तिला खरी तबकडी हवी होती. तिचा काटा आतल्या तुकड्याचा ताप दाखवणार, म्हणजे काम वाढलं की काटा वर. बाजारात मिळाल्या त्या प्लॅस्टिकच्या, पत्त्यांच्या डावातल्या राजाच्या मुकुटासारख्या खोट्या. ती खट्टू झाली. दोन दिवस मी तिला दुकानांचे पत्तेच सुचवत राहिलो. तिसऱ्या दिवशी पलंगाखालची ट्रंक ओढली आणि जुन्या धोतरात गुंडाळलेलं वाफेच्या दाबाचं गेज तिच्या हातात ठेवलं. पितळी कडं, पांढरी तबकडी, एकशेऐंशीवर लाल रेघ. तिचे डोळे बघायला हवे होतेस. आणि खोटं कशाला बोलू, मलाही तो काटा हललेला एकदा बघायचा होता.

आतली जुनी वाकडी नळी काढून तिथे छोटी मोटर बसवायची, म्हणून तिने तबकडी उघडली. तबकडीच्या पाठीवर काय असतं ते तुला सांगायला नको. ज्याने गेज उघडून दुरुस्त केलं त्याने सुईने नाव आणि तारीख कोरायची, म्हणजे पुढच्याला कळेल की आधी कोणाचा हात लागलाय. तिथे चार नावं होती. तीन इंग्रजीत, पुसट. चौथं देवनागरीत, कारण साहेबाला वाचता येऊ नये म्हणून तू मुद्दाम देवनागरीत कोरायचास. उपेंद्र, १२-६-७९.

सौम्याने विचारलं, "हे कोण?" मी म्हटलं, "माझा मित्र." तिने विचारलं, "मग हे त्यांनी तुम्हाला दिलं?" आणि उपेंद्र, मी म्हटलं, "हो."

चौऱ्याऐंशी साली, हे गेज ज्यावर होतं त्या इंजिनाचा लिलाव एका दिवसावर आला होता. पितळी सामान तू उतरवून घेतलंस आणि यादीवर सही केलीस. जेवणाच्या सुट्टीत मी एकटाच तिथे होतो. सगळं भंगारात वितळणार, एवढी एक गोष्ट तरी राहू दे, असं मनात आलं आणि गेज डब्याच्या पिशवीत गेलं. मला वाटलं होतं पितळ एकगठ्ठा वजनावर जाईल, नग कोणी बघणार नाही. तिसऱ्या दिवशी यादीतला एक नग कमी भरला म्हणून तुझ्यावर चौकशी लागली. परत ठेवायला गेलो तर फाटकावर झडती सुरू झाली होती. मग विश्वजितचं कॉलेज, क्वार्टर, हे आठवत राहिलो. तू माझ्याकडे आलास आणि म्हणालास, "तुझं इंग्रजी चांगलं आहे, माझा जबाब लिहून दे." मी बसलो आणि लिहून दिला. सदर वस्तू कोठे आहे याची मला काहीही माहिती नाही, हे वाक्य माझं आहे. तू म्हणालास फार छान उतरलंय. गेज तेव्हा आपण बसलो होतो त्याच पलंगाखाली होतं. गुंतकलच्या गाडीत तुला बसवून द्यायलाही मीच आलो होतो, आणि तू खिडकीतून माझी समजूत काढत होतास.

मागल्या आठवड्यात सौम्याने प्रदर्शनासाठी एक कार्ड छापून आणलं. यंत्राची सगळी माहिती, आणि खाली, "दाबाचे गेज : आजोबांचे मित्र श्री. उपेंद्र यांची भेट." तुझं नाव तिने मोठ्या अक्षरांत घेतलं होतं. ते कार्ड घेऊन मी गच्चीत गेलो आणि तुझ्या नावाची ओळ पुन्हा पुन्हा वाचली. परवा संध्याकाळी तिला समोर बसवून सगळं सांगितलं. पोर उठली. स्क्रू ड्रायव्हर आणला, गेज उतरवलं, मोटर काढून जुनी नळी होती तशी परत बसवली आणि तबकडी बंद करून माझ्या पुढ्यात ठेवलं. म्हणाली, "हे माझ्या मशीनवर नको, आजोबा. ज्यांचं आहे त्यांना आधी सांगा." कार्ड तिने फाडलं. त्या भोकाला आता आतून जाळी लावली आहे आणि पंखा फिरताना दिसतो. मुलं हसली तर हसू देत म्हणते. कालपासून माझ्याशी नेहमीसारखं बोलते आहे, पण चहा आणून दिला की थांबत नाही.

या पाकिटात दुसरा एक कागद आहे. त्यावर झालेलं सगळं तारखेनिशी, माझ्या सहीने लिहिलंय, आणि या वेळी इंग्रजी सजवलेलं नाही. त्याची एक प्रत सोमवारी मी रेल्वेच्या कार्यालयाला पाठवणार आहे. चोवीस वर्षांनी तिकडे कोणी वाचेल की नाही कोण जाणे, पण ही प्रत तुझी. मुलांना दाखव, गुंतकलला ज्यांनी तुला चोर म्हटलं त्यांच्यातलं कोणी हयात असेल तर त्यांना दाखव. गेज मंगळवारी रजिस्टर पार्सलने निघेल. तुझी भेट म्हणून ते मागायला हे पत्र लिहिलेलं नाही, माफ कर असंही मी लिहिणार नाही. तू फोनवर लगेच "जाऊ दे रे कृष्णा" म्हणशील, आणि ते इतक्या स्वस्तात ऐकून घ्यायचा मला धीर नाही. म्हणून या पंधरवड्याला मी फोन करणार नाही. तुला वाटेल तेव्हा कर, किंवा करू नकोस. पार्सल उघडताना काच जपून, खालचा एक स्क्रू सैल आहे.

तुझाच म्हणवून घ्यायचं की नाही, ते तुझ्यावर सोपवून,
कृष्णकांत