गिधाडं आणण्याआधी

उदगीर

प्रिय मंजुश्री,

माझी प्रकृती बरी आहे आणि तुझ्या कागदावर मी सही केलेली नाही. दोन्ही गोष्टी फोनवर पाच वेळा सांगून झाल्या, तरी काल परत तुझा निरोप आला, सहीचं काय झालं म्हणून. शेवटी पत्र लिहायला बसलो. पत्र मधेच तोडता येत नाही.

तुझ्या शिक्षणाचा, तुझ्या हैदराबादच्या प्रयोगशाळेचा मला अभिमान आहे. पण तुम्हा लोकांचं बोलणं ऐकून डोकं उठतं. पार नामशेष झालेला प्राणीसुद्धा उद्या पेशीतून उभा करू म्हणे. मग गिधाडं काय, ती तर दुसरीकडं जिवंत आहेत, पिंजऱ्यात वाढवलेली वीस आणून देगलूरकडच्या माळावर सोडू. आणायची सगळ्यांना घाई. आपली होती ती कशानं गेली, हे विचारायला कुणाला सवड नाही. तुझ्या कागदावर तर छापलंय, की या भागात जनावरांना ते गिधाडांपायी बंदी घातलेलं वेदनाशामक औषध आता कुणी टोचत नाही. खाली सहीची जागा, सेवानिवृत्त पशुधन पर्यवेक्षक. म्हणजे मी.

गेल्या सोमवारी मी मुद्दाम संगमेश्वरसोबत फिरलो. माझ्याच हाताखाली शिकला, आता स्वतः गावोगाव जनावरं तपासतो. त्याच्या पिशवीत तेच औषध निघालं, माणसांच्या औषधांच्या दुकानातून आणलेलं. मी लई बोललो त्याला. तो शांतपणे म्हणाला, "काका, बैल सांजच्याला उभा राहिला न्हाई तर मालक दुसऱ्याला बोलावतो. तुम्ही काय केलं असतं?"

त्याच्यावर, तुझ्यावर, त्या छापील कागदावर चरफडत घरी आलो. तुझ्या आईनं जेवायला वाढलं, तिच्यावरही उगाच खेकसलो.

तू चौथीत होतीस. माळावर बाभळीखाली मान टाकून बसलेलं गिधाड तुला दिसलं. दोन दिवस तू तांब्यानं पाणी नेलंस. तिसऱ्या दिवशी ते मेलं, तू जेवली नाहीस. म्हातारं झालं होतं गं, असं मी तुला सांगितलं. त्या पाखरापायी तू ही विद्या धरलीस, हे तू प्रत्येक भाषणात सांगतेस आणि मी पहिल्या रांगेत मान खाली घालून ऐकतो.

ते म्हातारं नव्हतं, मंजू. त्याच्या तीन दिवस आधी आपला ठिपक्या बैल मेला, तो माळावर नेऊन टाकला होता. मरायच्या आदल्या दिवशी त्याला सुई मीच टोचली. ते औषध मांसात राहतं, खाणाऱ्या गिधाडाची मूत्रपिंडं निकामी होतात, हे मला ठाऊक होतं. बंदीचं परिपत्रक मीच दवाखान्याच्या भिंतीवर चिकटवलं होतं. पण ठिपक्या तडफडत होता, मला बघवेना. आणि लोकांच्या बैलांना पुढं चार वर्षं, निवृत्त होईपर्यंत, तेच देत राहिलो. त्याला मात्र काही निमित्त नाही.

सही का करत नाही, ते सांगायला हे पत्र. गिधाडांना न मारणारं दुसरं औषध मिळतं. संगमेश्वरला घेऊन मी आता गोठ्यागोठ्यात तेच सांगत फिरणार आहे. ते होईतो तुझी वीस पाखरं आणू नकोस. मेलीच तर ती मी दुसऱ्यांदा मारलेली असतील. हे वाचून घरी यायचं की नाही, ते तू ठरव. मी वाट बघतो.

तुझाच,
अप्पा