चौदावे छायाचित्र

बुधवार, पहाटे साडेचार. गच्ची.

उल्का म्हणजे धूमकेतूचा क्षुद्र धूलिकण, हे सत्य अस्मादिकांनी उभ्या सोलापुरास अनाहूतपणे शिकवले आहे. तारा तुटला की माणूस जातं, या समजुतीचा आजन्म उपहास केला. मग कॅमेऱ्यातील चौदावे छायाचित्र मी का पुसले? सर्वोत्कृष्ट तेच होते: तेजोरेषा थेट खाली उतरलेली, आणि खाली बाजेवर निद्रिस्त अर्धांगिनी. तिच्या गाठीच्या तपासणीचा अहवाल आज दहाला मिळणार. योगायोग, निव्वळ योगायोग. तरीही चौदावेच पुसले.

इतक्यात ती जागी झाली.

"गावला का एखादा, खगोलशास्त्री?"

"ढग आलेत गं."

तिने निरभ्र आकाशाकडे क्षणभर पाहिले, मग चादर डोक्यावरून ओढून घेतली.