बाद झालेला सूर्य

प्रिय धाकटे,

शी! तुझं पत्र वाचलं आणि तोंडातून पहिला शब्द हाच निघाला. बाबा अंथरुणाला खिळलेत, डॉक्टर आता दिवसांचीच भाषा बोलतात, असं मी तुला स्वच्छ अक्षरात कळवलं होतं. त्यावर तू काय लिहावंस? रोज सकाळी टॅरोचा एक पत्ता काढतेयस, अजून सूर्याचा पत्ता आला नाही, आला की निघशील! बाप मरणाच्या दारात आणि लेक पत्ते पिसतेय. किळस आली गं मला, खरंच सांगते.

वर ते शहाणपण. म्हणे हे भविष्य नव्हे, आत्मचिंतन आहे. पत्ता म्हणजे मनाचा आरसा. अगं, हातच्या कांकणाला आरसा कशाला? दोन वर्षांपूर्वी बाबांनी छापखान्यात सगळ्यांदेखत तुला बिनकामाची म्हटलं, तू पिशवी उचलून गेलीस, फोन नंबरसुद्धा बदललास, आणि तेव्हापासून त्यांच्या आठवणीने झुरतेयस. एवढं कळायला चित्रं लागतात? आणि ते रून! नदीतले गोटे आणायचे, त्यांवर कुठल्याशा जुन्या परदेशी लिपीच्या रेघोट्या कोरायच्या, पिशवीत हात घालायचा आणि जो लागेल तो मनाला लावून घ्यायचा. तुझ्या हाताला म्हणे सारखा बर्फाचा रून लागतो, म्हणून थांबायचं. एक उभी रेघ ती! उलटी धरली तरी तीच.

इथलं सांगते. कटिंग मशीनचं पातं बदललं. बाबांची खाट पुढच्या खोलीत खिडकीपाशी हलवलीय, तिथून त्यांना मशीन ऐकू येतं. पातं बोथट झालं की अजूनही आधी त्यांनाच कळतं. चमच्याने भरवावं लागतं. अर्धं हनुवटीवरून ओघळतं, त्याची मला किळस येते, आणि ती येते म्हणून माझीच मला येते. हे दुसऱ्या कुणाला सांगू?

तो पत्त्यांचा कॅट तुला वाढदिवसाला मीच दिला होता. एका गिऱ्हाइकाची ऑर्डर होती, तिच्या बाद तावांतून एकेक बरा पत्ता निवडून मी तुझ्यासाठी कापला. एक तेवढा वाकडा गेला. त्याजागी चांगला घालू म्हणून बाजूला ठेवला आणि विसरले. तू गेल्यावर महिन्याभराने तुझं पत्र आलं, सूर्य आला की बाबांशी बोलेन. त्याच आठवड्यात तो वाकडा पत्ता मला खणात सापडला. हो, सूर्यच. तुझ्याकडे अठ्ठ्याहत्तर नाहीत, सत्त्याहत्तरच पत्ते आहेत गं. सगळे उलगडून बघणं म्हणजे त्यांच्यावर अविश्वास दाखवणं, हे तुझं तत्त्व. तू कशाला मोजशील?

मी कळवलं नाही. तू नव्हतीस, तर बाबा पहिल्यांदाच प्रत्येक गोष्ट मला विचारायला लागले होते. गिऱ्हाइकांना सांगायचे, थोरलीचा हात बघा, केसभर चूक नाही. मला ते हवं होतं. तू पत्रातून सूर्य रुसला म्हणून रडायचीस आणि मी खण बंद करून तुझ्या वेडाला नाकं मुरडायचे.

काल दुपारी पाणी पाजताना बाबांनी मला तुझ्या नावाने हाक मारली. चुकलो म्हणाले, चारचौघांत तुला तसं बोलायला नको होतं. मी दुरुस्त केलं नाही. तूच असल्यासारखी ओ दिली, त्यांना माफसुद्धा करून टाकलं. मग न्हाणीघरात जाऊन ओकले. ती माफी तुझ्यासाठी होती आणि मी तीही लाटली. कुरिअरवाला दारात उभा आहे, म्हणून आटोपतं घेते. सोबत तुझा सूर्य आहे, डावीकडून तिरका. पाकीट फोडलंस की तुझ्या हातात आलाच. माझं तोंड पाहू नकोस हवं तर, पण निघ. ते अजून तुझ्याच नावाने हाका मारतायत, आणि आता मी ओ देणार नाही.

तुझीच,
केसभर नव्हे, हातभर चुकलेली
ताई