पहिलं ओझं मालकाचं

३ नोव्हेंबर

काल एकट्याने कपाट उचललं, त्याचा खरा खर्च — दोन गोळ्या, तासभर शेक आणि बायकोची बोलणी. गोळ्यांनी गुण आला. बोलण्यांनी नाही.

पण नियम म्हणजे नियम. आमच्या सामान हलवण्याच्या धंद्यात पहिलं ओझं मालकाचं. हमालीपासून इथवर आलो तो त्यावरच. लेक म्हणते, आता माणसं मी सांभाळते, तुम्ही खुर्चीवर बसा. आखणीत ती माझ्यापेक्षा उजवी, नाही कोण म्हणतं? पण ज्याने ओझं उचललं नाही, त्याचं माणसं ऐकत नाहीत.

५ नोव्हेंबर

संग्रहालयाचं काम मिळालं! जुन्या तलवारी-ढाली नव्या इमारतीत न्यायच्या. तिथल्या बाईंना सांगून टाकलं — क्विंटलभराचं पोतं पाठीवर वाहिलेला गडी आहे, ढाल दिवसभर धरीन. बाई नुसत्या हसल्या.

८ नोव्हेंबर

आधी तलवार. दहा किलोच्या तयारीने उचलली आणि हात उगाच छातीपर्यंत वर आला. सव्वा किलोची! बाई म्हणाल्या, जी तासन् तास चालवायची ती जड कोण करील? पटलं.

मग ढाल. पहिलं ओझं माझं. शर्टाची बटणं घासायला नकोत, म्हणून हात लांब करून धरायची. बाई तिला कापड गुंडाळणार. पहिलं मिनिट मजेत. दुसऱ्याला खांदा कुरकुरला. तिसऱ्याला ढाल थरथरू लागली. पाठीवरचं ओझं हाडं पेलतात. लांब धरलेलं पेलायला कोणीच येत नाही. मागे मुकादम कुजबुजला, मालकांचे हात भरून आले. कान तिखट असणं हीही शिक्षाच.

लेक पुढे आली. ढालीखाली हात घातले.

"बाबा, आता सोडा."

सोडली. तिने मधे जाड कापड घेऊन ढाल छातीशी धरली, कोपरं बरगड्यांना टेकवली आणि चाकाचं टेबल मागवलं. मुकादम धावला. एका शब्दावर! ढाल टेबलावर विसावली. बाई म्हणाल्या, लढणारेही अशीच अंगाशी धरत, म्हणून टिकत.

चहाला मी सगळ्यांना ऐकवलं — वीस किलोची तरी असेल! सगळे कपात बघत राहिले.

९ नोव्हेंबर

पेट्या बंद झाल्या. प्रत्येकीवर लेकीने बाईंच्या यादीतलं वजन लिहिलंय. ढालीच्या पेटीवर तेवढी जागा कोरी. 

मुकादमाला सांगितलं, उद्यापासून पहिलं ओझं ताईंचं. मग यादी मागून घेतली आणि कोऱ्या जागेत माझ्या हाताने लिहिलं — दोन किलो नऊशे.